खूण आणि विधिलिखित

मराठी घरात पोटाच्या बहुतेक तक्रारींना एकच नाव असते : पित्त. सकाळी डोके जड झाले, पित्त. पंगतीचे जेवण अंगावर आले, पित्त. रात्री छातीत जळजळले, तेही पित्तच. त्यावर आमसुलाचे सार, थंड दूध, मोरावळा हे घरचे उपाय. आणि ते थकले की औषधाच्या दुकानातून मागून आणलेली गोळी. बहुतेक वेळा या उपायांनी बरे वाटते, कारण बहुतेक वेळा ते खरोखरच पित्त असते. पंचाईत होते ती एरवी. जठराचा कर्करोग सुरुवातीला अगदी याच वेषात येतो. जेवल्यावर पोट जड होणे, दोन घासांत भूक भागणे, करपट ढेकर. यापलीकडे तो फारसे काही बोलत नाही. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने त्यालाही काही काळ उतार पडल्यासारखा वाटतो. असे महिने जातात. मग वजन घटते, शौचाला काळे होते, किंवा घास गिळता येईनासा होतो, आणि तेव्हा कुठे दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी हातात पडते.

जगात २०२२ साली या रोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधले अंतर फार थोडे आहे. रोग उशिरा कळतो, हे त्याचे मुख्य कारण.

मग साहजिकच प्रश्न पडतो, की शरीर आधी काहीच सांगत नाही का? रक्तात, पेशींत, कुठेतरी एखादी खूण उमटत नाही का, जी पाहून डॉक्टर म्हणतील, ‘हा माणूस धोक्याच्या वाटेवर आहे’, किंवा रोग झालाच असेल तर, ‘हा असा पुढे जाईल’? अशा खुणा आहेत. त्या बहुतांशी प्रथिनांच्या आहेत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांचे मोठे शास्त्र उभे राहिले आहे. आज ही नावे केवळ प्रयोगशाळेत राहिलेली नाहीत; ती आपल्या गावातल्या माणसांच्या फायलींत येऊन पोहोचली आहेत. म्हणूनच त्यांच्याविषयी चार शब्द.

रोह्याची गाडी आणि खारघरचे आवार

रायगड जिल्ह्यात, कुंडलिकेच्या काठच्या रोहे शहराला लागूनच वरसे हे गाव आहे. भातशेती, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी, रोह्याची बाजारपेठ, यांवर इथल्या कुटुंबांचे चालते. साधे दुखणे रोह्यात निभावते. दुखणे मोठे असले की पहाटेची गाडी पकडून मुंबईची वाट धरायची. गाडीत मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल घेऊन बसलेली माणसे दिसली, की ती बहुधा परळला निघालेली असतात, हे नेहमीच्या प्रवाशांना सांगावे लागत नाही.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथे विकृतिशास्त्राची, म्हणजे रोगट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याच्या शास्त्राची, पायाभरणी केली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले, त्याचे ते पहिले संचालक. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच संस्थेत पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. परळची ही संशोधन संस्था पुढे २००२ साली खारघरला नव्या विस्तीर्ण आवारात गेली. तिचे आजचे नाव लांबलचक आहे; सगळे तिला ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. तिथल्या एका इमारतीचे नाव ‘खानोलकर शोधिका’ असे आहे.

खारघर हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. रोह्याहून येऊन पनवेलला हार्बरची लोकल धरली, की खारघर स्टेशन वाटेतच लागते. ज्या जिल्ह्यातल्या खेड्यात पोटदुखीला अजून पित्त म्हणून निभावून नेले जाते, त्याच जिल्ह्यात कर्करोगाच्या पेशींमधली प्रथिने मोजण्याचे काम चालते. या दोन टोकांमधले अंतर आगगाडीने काही तासांचे आहे. समजुतीचे अंतर मात्र बरेच मोठे आहे.

जिन्याच्या पायऱ्या

जठराचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. पेलायो कोरेया या कोलंबियात जन्मलेल्या विकृतितज्ज्ञाने १९७५ साली त्याची पायऱ्यापायऱ्यांची वाट मांडली. आधी जठराच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळची सूज, मग ते अस्तर झिजणे, मग जठराच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवणे, मग त्या पेशींची घडी विस्कटणे आणि शेवटी कर्करोग. हा जिना चढायला अनेक वर्षे, बहुधा काही दशके लागतात. पहिल्या पायरीवर पाऊल टाकणारे बहुतेक लोक वरपर्यंत कधीच जात नाहीत.

पहिली पायरी कोण चढवतो, हे त्या वेळी ठाऊक नव्हते. ते कळले ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातल्या एका नागमोडी जिवाणूची वाढ प्रयोगशाळेत करून दाखवली. जठराच्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, असे मानणाऱ्यांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जिवाणू स्वतःच पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९९४ साली त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकण्यात आले आणि २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूच्या काही जाती ‘कॅग-ए’ नावाचे एक प्रथिन सुईने टोचावे तसे जठराच्या पेशीत सोडतात. त्या जातींचा संसर्ग अधिक धोक्याचा.

आता आपल्या देशातली एक गंमत पाहा. हा जिवाणू निम्म्याहून अधिक भारतीय प्रौढांच्या पोटात आढळतो. तरीही जपान, कोरियाच्या मानाने आपल्याकडे जठराचा कर्करोग बराच कमी. मुंबईत १९६३ सालापासून आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या परिसरात १९८७ सालापासून कर्करोगाच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. पहिली देशातली सर्वांत जुनी नोंदवही, दुसरी ग्रामीण भागातली पहिली. देशभरच्या अशा नोंदवह्या शेजारी ठेवल्या, तर जठराच्या कर्करोगात मिझोराममधले ऐझॉल फार वर दिसते आणि महाराष्ट्र बराच खाली. ऐझॉलमध्ये धुरावलेले आणि खारवलेले मांस, तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेले ‘तुइबुर’, यांच्याकडे संशोधक बोट दाखवतात. म्हणजे जिवाणू एकटा पुरत नाही. त्याला तंबाखू, खारवलेले अन्न, माणसाची जनुके, यांची साथ लागते.

या जिन्यावर कोण किती वर गेला आहे, हे रक्तातून कळावे म्हणून जपानमध्ये ‘पेप्सिनोजेन’ या प्रथिनाचा उपयोग सुरू झाला. जठरातल्या पाचकरसाचे हे मूळ रूप. त्याचे दोन प्रकार. पहिला जठराच्या मुख्य भागातच तयार होतो, दुसरा जठरभर. मुख्य भागाचे अस्तर झिजले की पहिला घटतो, दुसरा त्या मानाने टिकतो. पहिला प्रकार मिलिलिटरमागे ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि दोहोंचे गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी, ही तिथली धोक्याची रेघ. ही रेघ कर्करोग झाला असे सांगत नाही. अस्तर झिजले आहे, तेव्हा दुर्बिणीने पाहून घ्या, एवढेच ती सांगते. जिथे हा रोग फार, तिथे अशा चाळणीला अर्थ असतो. कोरियात तर चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातूनच होते. त्यामुळे तिथे रोग लवकर सापडतो आणि पाच वर्षे पार करणाऱ्या रुग्णांचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक आहे.

घराण्यात चालत आलेला धोका हा आणखी वेगळा. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती. घराण्याला शाप आहे, असे काहींना वाटे. कुटुंबानेच संशोधकांचा दरवाजा ठोठावला आणि १९९८ साली पॅरी गिलफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधून काढले. पेशीला शेजारच्या पेशीशी जोडून ठेवणारे ‘ई-कॅडहेरिन’ नावाचे प्रथिन असते. त्याच्या जनुकात या घराण्यात दोष होता. शापाला नाव मिळाले, तेव्हा त्यावर उपायही सुचला. दोष असलेल्यांपैकी अनेकांनी रोग होण्याआधीच जठर काढून घेतले आणि ते जगले. असा दोष क्वचितच आढळतो. पण घरातल्या दोघातिघांना, तेही तरुण वयात, हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना तो इतिहास सांगितलाच पाहिजे.

तपकिरी रंगाचा हिशेब

इथवर झाले ते रोगाआधीचे. रोग सापडल्यावरच्या खुणा निराळ्या.

दुर्बिणीतून जठराचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढतात, फॉर्मलिनमध्ये घालतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काचपट्टीवर घेतात. मग हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिद्रव्य त्यावर सोडायचे. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. तो किती गडद आणि किती पेशींवर, हे डोळ्यांनी पाहून विकृतितज्ज्ञ आकडा लिहितो. एवढी मोठी विद्या, पण शेवटी ती एका अनुभवी माणसाच्या नजरेवर येऊन ठेपते.

यातले सर्वांत प्रसिद्ध प्रथिन म्हणजे ‘हर-टू’. पेशीच्या पृष्ठभागावर बसून ते ‘वाढा’ असा हुकूम आत पोहोचवते. काही गाठींत त्याची संख्या बेसुमार वाढते. स्तनाच्या कर्करोगात त्याला अडवणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाले. ते जठरातही चालेल का, हे पाहणाऱ्या ‘टोगा’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रोग पसरलेल्या, हर-टू असलेल्या रुग्णांना नेहमीची औषधे दिली, तेव्हा निम्मे रुग्ण ११.१ महिन्यांहून अधिक जगले. सोबत ट्रॅस्टुझुमॅब दिले, तेव्हा ही रेघ १३.८ महिन्यांवर गेली. ज्यांच्यात हे प्रथिन भरपूर होते त्यांच्यात ११.८ वरून १६ महिन्यांवर. स्तनाच्या कर्करोगाची खूण समजले जाणारे प्रथिन जठरातही उपयोगाची वाट दाखवते, हे यातून सिद्ध झाले. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१४ साली त्या औषधाचे तुलनेने स्वस्त भारतीय रूप बाजारात आणले, तेव्हा ही वाट आपल्या माणसांच्याही थोडी आवाक्यात आली.

जठरातले हर-टू लहरी असते. एकाच गाठीत एका कोपऱ्यात ते गडद, तर बोटभर अंतरावर मुळीच नाही. म्हणून या तपासणीसाठी निदान पाच, शक्यतो सहा ते आठ तुकडे घ्यावेत असे तज्ज्ञ सांगतात. एकाच तुकड्यावरचे ‘नाही’ हे पक्के ‘नाही’ असेलच असे नाही.

दुसरी खूण चार प्रथिनांची मिळून. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते, त्यात मुद्राराक्षसाच्या चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी ही चार प्रथिने म्हणजे पेशीतले मुद्रितशोधकच. त्यांतले एखादे नाहीसे झाले की चुका साचत जातात. तरीही अशा गाठींचा पुढचा प्रवास सहसा सौम्य असतो, कारण इतक्या चुका असलेली पेशी शरीराच्या संरक्षकांच्या नजरेत चटकन भरते. शस्त्रक्रिया झालेल्या १५५६ रुग्णांच्या चार चाचण्या एकत्र करून २०१९ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात अशा गाठी असलेल्यांपैकी ७७.५ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, इतरांमध्ये ५९.३ टक्के. आणि या पहिल्या गटाला नेहमीच्या केमोथेरपीचा विशेष फायदाही दिसला नाही. म्हणजे ही खूण रोग कसा पुढे जाईल तेही सांगते आणि कोणते औषध द्यायचे याचाही विचार करायला लावते.

तिसरी खूण अगदी अलीकडची, ‘क्लॉडिन १८.२’. जठराच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटवून ठेवणारे हे प्रथिन निरोगी जठरात सांध्यांच्या आत दडलेले असते. कर्करोगात पेशींची शिस्त मोडते आणि ते उघडे पडते. त्याला नेमके गाठणाऱ्या औषधाला २०२४ साली जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. याखेरीज ‘पीडी-एल-वन’ हे प्रथिन आहे. ते किती आहे यावरून शरीराचीच प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे कितपत लागू पडतील, याचा अंदाज बांधतात.

‘दोन अधिक’ म्हणजे काय?

आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाकडे लोक निवृत्तीनंतरही कागद घेऊन येतात. कागद वारसाचा असो की विम्याचा, ‘तुम्ही जरा बघा’ असे म्हणून समोर धरतात. वरसे येथले माझ्या परिचयाचे एक गृहस्थ धाटावच्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरची भातशेती पाहत होते. त्यांचा मुलगा असाच एके संध्याकाळी फाईल घेऊन आला. जठराचा कर्करोग, पसरलेला. शेवटच्या पानावर लिहिले होते, हर-टू : दोन अधिक.

“काका, दोन अधिक म्हणजे चांगलं की वाईट?” त्याने विचारले. आणि मग आवाज खाली आणून, “बाबांना काही सांगितलेलं नाही. अल्सर म्हटलंय.”

हा आकडा शून्य ते तीन अधिक असा असतो, हे त्या अहवालातच बारीक अक्षरात छापलेले होते. शून्य आणि एक म्हणजे नाही, तीन म्हणजे आहे, आणि दोन म्हणजे ठरवता येत नाही, जनुकाची आणखी एक तपासणी करा. चांगले किंवा वाईट असे त्यात काही नव्हतेच. ते अर्धवट वाक्य होते. घरी मात्र चार दिवस त्यावरून रडारड चालली होती. नात्यातल्या एकाने ‘दोन’ म्हणजे दुसरी अवस्था, असाही अर्थ लावला होता. पुढची तपासणी झाली, ती ‘नाही’ अशी आली. ते औषध त्यांच्यासाठी नव्हते. दुसरी सुरू झाली.

वडिलांना अर्थातच सगळे ठाऊक होते. “पोरगा कागद लपवतो,” ते मला म्हणाले. “पण वॉर्डाच्या दारावरची पाटी कशी लपवणार?” त्यांना हर-टूशी देणेघेणे नव्हते. त्यांचा प्रश्न एकच होता : आषाढातली लावणी मला बघायला मिळेल का? तो त्यांनी शेवटी डॉक्टरांनाच विचारला. डॉक्टर म्हणाले, “लावणीला बांधावर बसाल, असं धरून चालू. प्रत्येक तपासणीनंतर पुन्हा बोलू.” मुलाला डॉक्टरांचा हा स्पष्टपणा आवडला नाही. वडिलांना आवडला. परतल्यावर त्यांनी जमिनीचे कागद नीट लावले, बहिणीशी बरीच वर्षे तुटलेले बोलणे सुरू केले. त्या वर्षीच्या लावणीला ते बांधावर होते, छत्री धरून, मजुरांना सूचना करीत. पुढच्या लावणीला नव्हते.

लपवालपवीने त्यांचे मरण पुढे ढकलले गेले नसते. बहिणीशी बोलणे मात्र राहून गेले असते.

पॅकेजमधली भीती

खुणांचा सर्वांत मोठा गैरवापर आज होतो तो आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये. साखर, कोलेस्टेरॉलच्या जोडीला ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीईए आणि सीए १९-९ ही दोन नावे असतात. पैकी सीईए मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली शोधले. रोग ठरलेल्या रुग्णावर उपचार लागू पडत आहेत का, शस्त्रक्रियेनंतर रोग परततो आहे का, हे पाहायला त्यांचा उपयोग होतो. पण निरोगी माणसात रोग हुडकायला ती कुचकामी आहेत. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए उगाचच वाढलेले दिसते. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी सीए १९-९ वाढते. उलट काही लोकांच्या रक्तगटाच्या ठेवणीमुळे ते त्यांच्या शरीरात तयारच होत नाही, मग कर्करोग असो वा नसो. आणि सुरुवातीच्या, बऱ्या होण्याजोग्या जठराच्या कर्करोगात बहुधा ही दोन्ही प्रथिने अगदी नेमस्त असतात.

एक हिशेब करून पाहू. समजा, वरसे आणि आसपासच्या वाड्या मिळून दहा हजार माणसे आहेत आणि त्यांतल्या दहांना हा रोग आहे. समजा, एक फार चांगली रक्ततपासणी निघाली : शंभर रोग्यांतले नव्वद पकडणारी आणि शंभर निरोग्यांतल्या पंचाण्णवांना बरोबर सोडणारी. ती सर्वांची केली, तर दहांतले नऊ रोगी सापडतील. आणि त्यांच्यासोबत सुमारे पाचशे निरोगी माणसे ‘दोषी’ ठरतील. त्या पाचशे घरांतली झोप उडेल, स्कॅन होतील, कर्जे निघतील. सीईए तर या काल्पनिक तपासणीच्या पासंगालाही पुरत नाही. जिथे रोग विरळा, तिथे सरसकट शोधण्यापेक्षा लक्षणे असलेल्या माणसाला वेळेवर दुर्बिणीपर्यंत पोहोचवणे शहाणपणाचे.

आकडा आणि माणूस

कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही अर्जदाराचे उत्पन्न, तारण, जुनी फेड पाहत असू आणि त्यावरून जोखीम ठरवत असू. शंभर अर्जांचा मिळून अंदाज बहुधा बरोबर निघे. पण अमुक एक माणूस हप्ता चुकवील की नाही, हे तो अंदाज कधीच सांगत नसे. कागदावर डळमळीत वाटलेला शेतकरी शेवटचा हप्ता मुदतीआधी आणून देई. प्रथिनांच्या खुणांचे असेच आहे. त्या गटाचे सांगतात. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८२ साली पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात, असे पुस्तके सांगत होती. तो वीस वर्षे जगला. उरलेले निम्मे आठ महिन्यांनंतर किती जगतात, हा प्रश्न त्याने स्वतःच विचारला होता.

याचा अर्थ खुणा निरर्थक, असा मुळीच नाही. जोखीम न पाहता कर्जे वाटणारी बँक बुडते, आणि खूण न पाहता सगळ्यांना एकच औषध देणारा उपचार अनेकांना विनाकारण त्रास देतो. खुणेला तिच्या वकुबाचाच प्रश्न विचारावा, एवढेच. पेप्सिनोजेनला विचारावे, अस्तर झिजले आहे का. हर-टूला आणि क्लॉडिनला विचारावे, हे औषध लागू आहे का. दुरुस्ती करणाऱ्या चार प्रथिनांना विचारावे, ही गाठ कोणत्या जातीची आहे. ‘मी किती जगेन’ हा प्रश्न मात्र यांपैकी कोणालाच विचारता येत नाही. तो डॉक्टरांशी बसून, पुन्हा पुन्हा बोलण्याचा विषय आहे.

घरच्यांसाठी त्यातून चार साध्या गोष्टी निघतात. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले पित्त दोन-तीन आठवड्यांत हटले नाही, किंवा वजन घटणे, पंडुरोग, काळी शौच, सतत उलट्या, गिळायला त्रास यांतले काही सोबत आले, तर गोळी बदलण्याऐवजी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. रोग निघालाच, तर तुकडे पुरेसे घेतले का आणि हर-टू व दुरुस्तीची प्रथिने तपासली का, हे विचारावे. तुकड्यांचे मेणाचे ठोकळे ही आपली ठेव आहे. रुग्णालय बदलताना ते पावती करून मागून घ्यावेत, म्हणजे पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. महागडे औषध सुचवले, तर ते कोणत्या खुणेच्या आधारावर आणि शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्यातले काय बसते, हे सही करण्याआधी विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आणि अहवाल ज्याचा आहे, त्याला तो वाचू द्यावा. आपल्या पूर्वजांनी कपाळावरच्या रेघांना विधिलिखित म्हटले, कारण त्या वाचता येत नव्हत्या. काचपट्टीवरचा तपकिरी रंग वाचता येतो. त्यात लिहिलेले असते ते आजवरचे. पुढची पाने रुग्ण, त्याचे डॉक्टर आणि त्याचे घर मिळून लिहितात, आणि ती लिहायला माणसाला आपण कुठल्या पानावर आहोत, हे ठाऊक असावे लागते.